पप्पांच्या शर्टाची बटणं

"मॅडम, एखाद्याची मान कडकन मोडली, तर तो माणूस मरतो का?"

अख्ख्या आठवी-नववीसमोर उभं राहून मी हा प्रश्न विचारला आणि मागच्या रांगेत माझ्या मैत्रिणी तहसीन आणि शर्वाणी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पैज त्यांनीच लावली होती. "विचारून दाखव, नाहीतर तो वक्तृत्वाचा कप परत दे," असं शर्वाणी म्हणाली होती. आता कप परत देणं काही शक्य नव्हतं. तो आमच्या घरी टीव्हीच्या डोक्यावर, मम्मीनं विणलेल्या रुमालावर ऐटीत बसला होता.

हे मी नववीत असतानाचं. आता मी बारावीत आहे. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करून भागवायचे. मग स्पर्धेतली मुलगी ऐनवेळी तापानं फणफणली म्हणून मला पुढे ढकललं, कप मिळाला आणि माझ्या तोंडाचं झाकणच उडालं. त्यानंतर मी थांबलेच नाही. मराठीचे सर म्हणायचे, "बिडवे, मध्ये मध्ये श्वास घेत जा."

माझ्या प्रश्नावर सगळा हॉल हसला, कारण मी कुणाची मुलगी हे बार्शीत सगळ्यांना ठाऊक. 'रुबाब मेन्स पार्लर'वाल्या नवनाथ बिडवेंची. अर्ध्या शाळेची डोकी आमच्याच खुर्चीत भादरली जात. आणि पप्पांची खासियत म्हणजे मान. दाढी-कटिंग झाली की डोक्याला मालिश, मग हनुवटी धरून डावीकडं कडाक्, उजवीकडं कडाक्. गिऱ्हाईक डोळे मिटून "आहाहा" म्हणायचं. त्या कडाक्‌साठी लांबलांबच्या गावांहून एस.टी.नं माणसं यायची.

हाडांच्या डॉक्टर शेटे मॅडम दप्तराच्या ओझ्यावर बोलायला आल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "नाव काय तुझं?"

"मैथिली नवनाथ बिडवे."

"मैथिली, तरण्या-निरोगी मानेला सहसा काही होत नाही. पण मानेत मणके असतात आणि मधे मऊ गाद्या. वय झालं, किंवा वर्षानुवर्षं मान वाकवून काम केलं, की गाद्या झिजतात, मणक्यांना कडा फुटतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. केस पिकतात तशी मान झिजते. व्यायाम, शेक, बसण्या-उभं राहण्याच्या सवयी, एवढ्यावर बहुतेकांचं निभावतं. मात्र अशा झिजलेल्या मानेला झटका द्यायचा नाही. कधीच नाही. कारण तिथूनच हातापायाची मुख्य वायर खाली जाते. ती दाबली गेली, तर वाट बघत बसायचं नाही."

मग त्यांनी आम्हाला एक खेळ करायला लावला. मुठी पटापट उघडायच्या आणि मिटायच्या, मग शर्टाचं एक बटण काढून पुन्हा लावायचं. "जमलं? मग तुमची वायर शाबूत आहे." मी सगळ्यांच्या आधी लावलं आणि वळून दोघींना वेडावून दाखवलं. पैज जिंकले होते. तहसीननं कबूल केलेली भेळ खाताना मॅडमचं बाकीचं बोलणं मी साफ विसरून गेले.

संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन दुकानात गेले. बायकामुलींनी दुकानात रेंगाळायचं नाही असा मम्मीचा नियम होता, पण माझ्या तोंडाचं झाकण उडाल्यापासून तो नियमही ढिला झाला होता. दुकानात दोन खुर्च्या. एक पप्पांची, दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची, सोपानकाकांची. समोर आरसा, मागं आरसा. बाकड्यावर बसलं की आपण पुढून आणि मागून एकदमच दिसतो. तोंड वाकडं करायची सोय नाही, कुठल्यातरी आरशात सापडतंच.

"काय वक्ते, आज कुठं सभा?" पप्पांच्या खुर्चीतले अर्जुन पैलवान म्हणाले.

"पप्पा, तुमच्या कडाक्‌वर बंदी आलीय! शेटे मॅडमनी भर सभेत जाहीर केलं."

पप्पा वळले नाहीत. ते दुकानात कधीच कुणाकडं वळून बघायचे नाहीत. आरशातूनच बघायचे आणि आरशातूनच हसायचे. "मॅडमला म्हणावं या एकदा, खुर्चीत बसा. डिग्री विसरतील."

"आणि आमच्या मानेचं काय मग?" पैलवान म्हणाले. "आम्ही दाढीला दवाखान्यात जायचं का? नवनाथ, मोड बरं, पोरीसमोर मोड."

पप्पांनी पैलवानांची हनुवटी कोपराच्या घडीत धरली आणि कडाक्. बाकड्यावरचे सगळे हसले. मी पण. पण पूर्वी पप्पा दोन्ही तळव्यांत डोकं धरायचे, परडीत फुलं धरावीत तसं. हे कोपराचं नवीन होतं.

"पप्पा, नवी स्टाइल?"

"व्हय. व्हरायटी पाहिजे माणसाला."

मग ते कंगवा घ्यायला गेले आणि कंगवा हातातून सटकला. उचलला, पुन्हा सटकला. सोपानकाका पटकन वाकले. "साबण लागलाय दादा तुझ्या हाताला." पप्पांच्या हाताला साबण नव्हता. साबणाचं काम आता काकांच्याच खुर्चीवर होतं. गणपतीपासून दुकानात नवी वाटणी झाली होती, मशीनची कटिंग पप्पांकडं, वस्तऱ्याची दाढी काकांकडं. मी समजत होते, काकांना बढती मिळालीय.

तेवढ्यात दारात अप्पा जगदाळे आले. पांढरं धोतर, पांढऱ्या मिश्या. ते आले की बाकडं आपोआप रिकामं व्हायचं.

"नवनाथ, परवा रविवारी नातवाचं जावळ काढायचंय. सकाळी ये."

पप्पांनी आरशातून सोपानकाकांकडं बघितलं. "अप्पा, सोपानला पाठवतो. रविवारी इथं गर्दी असती."

"सोपान डावखुरा. शुभ कामाला डाव्या हाताचा वस्तरा लावतोस व्हय रं? माझं जावळ तुझ्या आज्यानं काढलं, माझ्या पोराचं तुझ्या बापानं. आता तू मला गर्दी सांगतोस?"

"मग मशीननं काढू या. लेकरू रडणार न्हाई."

"मशीननं मेंढरं कातरत्यात." अप्पा हसले, तसे सगळे हसले. "वस्तराच पाहिजे. तुझ्या हाताचा."

सगळे आरसे पप्पांकडं बघत होते. "येतो की अप्पा," ते म्हणाले. "न येऊन कसं चालंल?"

दुसऱ्या आरशात सोपानकाकांचा चेहरा मला दिसला. अप्पांनी त्यांना डावखुरा म्हटल्याचा राग आला असेल, असं मला वाटलं. ती रागाची नाही, भीतीची गोष्ट होती, हे मला रविवारी कळलं.

रविवारी सकाळी पप्पा तयार होत होते. मम्मी त्यांच्या पुढ्यात उभी राहून शर्टाची बटणं लावत होती. हे आमच्या घरात रोजचंच होतं. पप्पा हनुवटी वर करून उभे राहायचे, मम्मी खालून वर एकेक बटण लावत जायची, शेवटी कॉलर नीट करायची. मी शाळेत हे रंगवून रंगवून सांगितलं होतं. तहसीन म्हणाली होती, "आमच्या अब्बांना तर अम्मीचा वाढदिवस आठवत नाही, आणि तुझ्याकडं रोज पिक्चर!" त्या दिवशीही मी दारातून शिट्टी वाजवली. मम्मी लाजेल म्हणून. मम्मी लाजली नाही. "पोरीला घेऊन जा संगं," ती पप्पांना हळूच म्हणाली. "सामान धरायला."

मला तर हर्ष झाला. जगदाळ्यांच्या घरच्या कार्यात पप्पांची असिस्टंट! नवा कुर्ता घातला, सामानाची पेटी मांडीवर घेऊन स्कूटीवर मागं बसले. चौकात पप्पा नेहमीसारखं म्हणाले, "मैथिली, मागचं सांग."

"मागून एक ट्रॅक्टर. मग रस्ता मोकळा."

हा आमचा खेळ होता. माझ्या डोळ्यांनी पप्पा मागं बघायचे. तो खेळ का सुरू झाला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

जगदाळ्यांच्या अंगणात मांडव घातला होता. पाटाभोवती रांगोळी. लेकराचे लातूरचे मामा त्याला मांडीवर घेऊन बसले होते आणि आत्या शेजारी पदर पसरून, कारण जावळाचा एक केससुद्धा जमिनीवर पडू द्यायचा नसतो. लेकराच्या अंगावर मऊ जरीचं झबलं, डोळ्यांत काजळ. सगळं गणगोत गोल करून उभं. मोबाइल वर झालेले. अप्पा मधोमध खुर्चीत.

पप्पांनी कपाळाला गंध लावून घेतलं, लेकराच्या डोक्यावर कोमट पाण्याचा हात फिरवला. लेकरू खुदकन हसलं. ते डोकं मला अजून दिसतं. टाळूची जागा श्वासाबरोबर हलत होती.

"ब्लेड," पप्पा म्हणाले.

मी नवं ब्लेड कागदासकट मोडून अर्धं पुढं केलं. हे मला येत होतं. ते अर्धं पातं वस्तऱ्याच्या फटीत सरकवायचं असतं. पप्पा हे काम गप्पा मारत, गिऱ्हाइकाकडं बघत, एका हातानं करायचे. त्या दिवशी पातं फटीशी गेलं आणि घसरलं. पुन्हा नेलं. पुन्हा घसरलं. पप्पांनी वस्तरा गुडघ्यावर टेकवला, दोन्ही हात लावले. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, "नवं दिसतंय हत्यार." मी खाली बसले आणि पातं सरकवून दिलं. सरकवताना पप्पांच्या बोटांना माझी बोटं लागली, तर ती ओली होती.

मी हात बघितला. लाल.

माझं काही कापलं नव्हतं. पप्पांचं मधलं बोट पेराशी चांगलंच उघडलं होतं आणि रक्त थेंबाथेंबानं पाटाच्या कडेला पडत होतं. आणि पप्पा शांतपणे लेकराकडं बघून "अले अले" करत होते. त्यांना लागलेलं कळलंच नव्हतं.

तेव्हा सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. कंगवा. कोपर. न वळणारी मान. मागचं सांग. वस्तऱ्याच्या दाढ्या काकांकडं. आणि मम्मी, रोज सकाळी खालून वर बटणं लावणारी. मॅडमचा तो खेळ. मी सगळ्यांच्या आधी जिंकलेला.

पप्पांनी वस्तरा उघडला.

मला ओरडायचं होतं. पण काय ओरडणार? पप्पांच्या हातात जीव नाही, असं? तीसेक माणसांत, मोबाइल चालू असताना? ते वाक्य एकदा मांडवात पडलं, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मग 'रुबाब'च्या खुर्चीत मान मागं टाकून, डोळे मिटून कोण बसलं असतं? आणि नाही ओरडले तर पुढ्यात ती टाळू, वरखाली होणारी. कपवाली मैथिली, आणि तोंडातून हवा नाही.

पप्पा माझ्याकडं वळले. मान न वळवता, खांद्यांसकट अख्खे. त्यांनी माझे डोळे बघितले आणि त्यांना कळलं की मला कळलंय. ओठ न हलवता ते म्हणाले, "गप."

तेवढ्यात लेकरानं डोकं हलवलं. मामा म्हणाले, "धरतो मी घट्ट, चालू द्या."

"थांबा!"

माझाच आवाज. फाटलेला. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला.

"काय गं?" अप्पा म्हणाले.

"पप्पांच्या बोटाला ब्लेड लागलंय. रक्त येतंय." मी श्वास घेतला. खरं तर तोच एक श्वास मी सरांच्या सांगण्याप्रमाणे घेतला असेन. "रक्ताच्या हातानं जावळ काढतात का?"

बायकांमध्ये कुजबुज झाली. पप्पांनी हात वर करून बघितला. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा इतकं दचकलेलं पाहिलं. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. "कधी लागलं?" ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे.

"आगं बया, चालायचं न्हाई," अप्पांच्या म्हातारीनं निकाल दिला. "रक्त सांडल्या हातानं लेकराच्या डोक्याला शिवायचं न्हाई. मामानं कात्रीनं पाच बटा काढाव्यात, मुहूर्त साधतो. बाकीचं नवनाथ बोट बरं झाल्यावर काढंल."

"आता हिला काय म्हणावं," अप्पा कुरकुरले, पण म्हातारीपुढं त्यांचंही चालत नसावं. मामांनी कात्री घेतली. आत्यानं पदरात बटा झेलल्या. लेकरू भोकाड पसरून रडलं आणि सगळे खूश झाले. पप्पांचं बोट मी माझ्या रुमालानं बांधलं. अप्पांनी टॉवेल-टोपी, नारळ दिला. पप्पांना नारळ नीट धरता येईना, तर मी मधे घुसून पेटीत टाकला आणि म्हणाले, "असिस्टंटचा हक्क!" सगळे हसले. मला रडायला येत होतं.

स्कूटीवर पप्पांनी चौकातही 'मागचं सांग' म्हटलं नाही. मीच न विचारता सांगत होते, "मागं कुणी नाही. मागं मोटरसायकल. मागं कुणी नाही."

घरी आल्यावर ते बांधलेलं बोट मम्मीनं बघितलं. पप्पांना बसवलं, पुढ्यात उभी राहून बटणं काढायला लागली.

"मम्मी, तुला कधीपासून माहीत आहे?"

तिचे हात थांबले. "काय?"

"हेच. बटणं."

पप्पा म्हणाले, "मैथिली, तू आत जा. अभ्यास कर."

"उन्हाळ्यापासनं," मम्मी म्हणाली. "आधी वरचं एकच लागायचं न्हाई. मग सगळीच. आता रात्री मुंग्या येत्यात म्हणून हात झटकत बसत्यात. चालताना पाय कुठं पडतोय ते खाली बघावं लागतंय."

"मग दवाखान्यात का नाही गेलात?"

पप्पा हसले. दुकानातलं हसू, पण आरसा नसल्यामुळं ते कुणापर्यंत पोचलं नाही. "दवाखान्यात बार्शीचीच माणसं असत्यात. 'न्हाव्याचा हात गेलाय' म्हटल्यावर गळा कोण पुढं करंल? अन् डॉक्टर लोक फोटो काढत्यात, मग मानेला सुरी म्हणत्यात. मानेचं ऑपरेशन केलेला उठतो का अंथरुणातनं?"

"मॅडम म्हणाल्या, बहुतेकांना लागत नाही ऑपरेशन."

"अन् ज्यांना लागतं?"

वाट बघत बसायचं नाही, एवढंच मॅडम म्हणाल्या होत्या. मी ते म्हटलं. पप्पा म्हणाले, "सोपान मोकळी करतो की दर सोमवारी. दोन दिवस हलकं वाटतं."

"काका? काय करतात काका?"

मग मला आठवलं. सोमवारी दुकान बंद. सोमवारी सकाळी मी शाळेत. आणि सोमवारी परत आल्यावर घरात नेहमी तेलाचा वास.

"काका तुमची मान मोडतात?"

"आमच्या घरात दुसरं औषध हाय का?" पप्पा म्हणाले. "माझ्या बापाची मी मोडायचो. सगळ्या गावाची मोडतो. माझी मोडली तर काय बिघडलं?"

घर तेवढंच होतं, दोन खोल्या आणि पडवी, पण मला वाटलं, आम्ही तिघंही कुठल्यातरी खोल रांजणात उभे आहोत आणि वर बघायला कुणाचीच मान वळत नाही.

सोमवारी मी दप्तर घेऊन निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. पडवीत पप्पा उघड्या अंगानं स्टुलावर बसले होते. पाठीमागं सोपानकाका, हातांना कोमट तेल. मम्मी दारात पाठमोरी, मटार सोलत. काकांनी पप्पांची हनुवटी तळव्यात घेतली. दुसरा हात डोक्यामागं.

"ढिली सोड दादा."

"काका, हात काढा."

"आता हिला शाळा न्हाई का?" काका दचकले. "जा बाळा, मोठ्यांच्यात..."

"हात काढा आधी!"

मम्मी वळली. पप्पांना वळता येत नव्हतं. ते समोरच्या भिंतीला म्हणाले, "मैथिली, काय नाटक हाय हे?"

मी आत गेले, खुंटीवरचा त्यांचा शर्ट आणला आणि पुढ्यात उभी राहिले. "पप्पा, हा घाला. बटणं तुम्ही लावा. सगळी लागली, तर मी शाळेत जाते आणि आयुष्यात पुन्हा या विषयावर बोलणार नाही. काकांनी खुशाल मान मोडावी."

"दादा, लाव की," काका म्हणाले. "पोरीची हौस होऊ दे."

काकांनाच शर्ट अंगात घालून द्यावा लागला. पप्पांनी खालचं बटण धरलं. म्हणजे धरायला गेले. बटण बोटांच्या मधून निसटलं. पुन्हा धरलं, काजाशी नेलं, काजाच्या बाजूनं फिरलं, आणि पुन्हा निसटलं. पप्पा जीभ दातांत धरून बघत होते, मी पहिलीत अ गिरवताना धरायचे तशी. ज्या हातानं ते बोलता बोलता माणसाच्या गळ्यावरून धार फिरवायचे, तो हात. एक मटार मम्मीच्या ताटलीतून पडून घरंगळत गेला.

मम्मी पुढं आली. तिनं सवयीनं हात लांब केले.

"मम्मी, तू नको," मी म्हणाले.

ती थांबली. तिचे हात तसेच हवेत राहिले. पप्पांनी अजून एकदा बटण धरलं आणि मग हळूच सोडून दिलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले, उताणे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

"नाही लागत," ते म्हणाले.

सोपानकाका तेलाचे हात पंच्याला पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसतच होते. "मी तर हलकं वाटावं म्हणून..." ते म्हणाले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले.

मी गुडघ्यांवर बसले आणि पप्पांची बटणं लावायला लागले. खालून वर, मम्मी लावते तशी. शेवटचं लावताना त्यांच्या हनुवटीखालचे पांढरे खुंट दिसले. किती दिवस झाले होते, स्वतःची दाढीसुद्धा त्यांनी नीट केली नव्हती. मी कॉलर नीट केली. मग त्यांना मान वर करावी लागू नये म्हणून खालीच बसून, दोघांकडं बघत म्हणाले,

"मी ठरवलंय. आत्ता शेटे मॅडमकडं जायचं. फोटो काढा म्हणाल्या तर काढायचा, सुरी म्हणाल्या तर का, कशाला, न करता काय होईल, सगळं विचारायचं. तिथं गेल्यावर पप्पा म्हणणार, काही नाही, जरा अवघडलीय. आणि मम्मी खाली बघणार. म्हणून बोलणार मी. उन्हाळ्यापासूनचं सगळं. पहिला प्रश्न मीच विचारणार, आणि या वेळी पैज कुणी लावलेली नाही. चला, उठा. मम्मी, चप्पल घाल. पप्पा, तुम्ही सावकाश चला, मागचं मी बघते."